नाशकात नवा जिओकॅश लपवायचाय, परवानगी मिळेल अशी जागा कशी शोधायची?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या मदतीने शोधायचा लपवलेला डबा, असे वीस-पंचवीस कॅश शोधून झालेत, आता पहिला स्वतःचा लपवायचा आहे. साधा ट्रॅडिशनल (दिलेल्या बिंदूवरच डबा असणारा), स्मॉल आकाराचा, आत छोट्या वस्तूंची देवाणघेवाण करता येईल असा. देखभाल नीट व्हावी म्हणून घरापासून दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आतली जागा हवी.

गाडी अडते ती परवानगीपाशी. खेळाचा नियम सांगतो की जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापकाची परवानगी घ्या. पण मालक कोण हे कळायचं कसं? टेकडी वन खात्याची, पायथा पालिकेचा, मध्ये कुठेतरी देवस्थान. शिवाय विचारायला गेलं की 'जिओकॅश म्हणजे काय' इथपासून सुरुवात.

डोक्यात चार जागा आहेत: पांडवलेणीचा पायथा, रामकुंड ते तपोवन हा गोदाकाठ, सोमेश्वर धबधबा, आणि मखमलाबादच्या पुढे ओळखीतल्या एका शेतकऱ्याची द्राक्षबाग. यातली कुठली चालेल? अर्ज कुणाकडे करायचा, त्यात काय लिहायचं?

---

सातबारा_आधी

दादा, तुमचा क्रम उलटा झालाय. आधी सुंदर जागा ठरवायची आणि मग मालक शोधत फिरायचं, यात नाशिकसारख्या गावात महिनोन्महिने जातात. आधी 'हो' म्हणू शकेल असा माणूस शोधा, मग त्याच्या जागेत चांगला कोपरा शोधा. 'हो' म्हणणारा माणूस म्हणजे एकट्याच्या सहीने निर्णय घेऊ शकणारा: शेतकरी, छोट्या ट्रस्टचा विश्वस्त, कृषी पर्यटन केंद्राचा मालक, खासगी संग्रहालय किंवा वाचनालयाचं कार्यकारी मंडळ. सरकारी कार्यालयातला साहेब चांगला असला तरी ज्या गोष्टीची फाईलच नाही तिला तो परवानगी कशी देणार? तो 'नाही' म्हणत नाही, 'बघू' म्हणतो. आणि 'बघू' म्हणजे परवानगी नव्हे.

मालकी कशी तपासायची ते सांगतो. शहराबाहेरची जमीन असेल तर महाभूनकाशाच्या साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि नकाशात तुमच्या जागेवर बोट ठेवा. गट नंबर मिळेल. तो नंबर घेऊन महाभूलेखवर सातबारा उघडा आणि भोगवटादाराच्या रकान्यात काय आहे ते वाचा. खासगी नाव असेल तर उत्तम, पण सामाईक खातं असेल तर एका भावाने दिलेली परवानगी दुसरा भाऊ मोडू शकतो, तेव्हा जो जमीन कसतो आणि जो भांडतो अशा दोघांनाही विचारा. 'गायरान' असेल तर ती सरकारी जमीन, ग्रामपंचायतीच्या ताब्यातली. सरपंचांनी मान डोलावून भागत नाही, मासिक सभेत ठराव लागतो. 'महाराष्ट्र शासन, वन' असं काही दिसलं तर तिथेच थांबा. 'देवस्थान इनाम' असेल तर ट्रस्टकडे जा, पुजाऱ्याकडे नव्हे.

गावठाणात आणि जुन्या नाशकात सातबारा चालत नाही, तिथे सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक बघावं लागतं. आणि कॉलनीतली 'आपली बाग' हा एक मोठा भ्रम आहे. ले-आउटमधली मोकळी जागा बहुधा पालिकेकडे हस्तांतरित झालेली असते. सोसायटी तिथे झाडांना पाणी घालते म्हणून सोसायटीचे अध्यक्ष मालक होत नाहीत.

नकाशातली हद्द आणि जमिनीवरची हद्द यांत पाच-दहा मीटरचा फरक सहज असतो. वनहद्दीजवळ जात असाल तर दगड रचून चुना फासलेले हद्दीचे बुरूज शोधा आणि त्यांच्यापासून निदान तीस मीटर अलीकडे राहा. शोधणारा माणूस तुमच्या बिंदूभोवती दहा-पंधरा मीटर भटकणार आहे, हे धरून चाला. डबा खासगी जमिनीत आणि शोधणारा राखीव वनात, अशी अवस्था व्हायला नको.

आता तुमच्या जागा.

पांडवलेणी: त्रिरश्मी लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. चोवीस लेणी, त्यांचं आवार, पायऱ्या, सगळं विसरा. पायथ्याचं नेहरू वनोद्यान वनक्षेत्रात येतं आणि शेजारचं दादासाहेब फाळके स्मारक पालिकेचं. म्हणजे शंभर पावलांत तीन मालक. कागदावर फक्त स्मारकाचा पर्याय उरतो, पण तिथे तिकीट, सुरक्षारक्षक आणि बागेची कात्री आहे. माझ्या मते सोडून द्या.

गोदाकाठाबद्दल दुसरं कुणी सविस्तर लिहील, मी एवढंच म्हणतो: २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंड, तपोवन, साधुग्रामचा सगळा पट्टा बांधकामात आणि बंदोबस्तात जाणार. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' अशी घोषणा जिथे दिवसभर सुरू असते, तिथे तुम्ही मुद्दाम एक बेवारस डबा ठेवणार?

सोमेश्वर: खडकावर शेवाळ, वर गंगापूर धरण. विसर्ग वाढवला की तासाभरात चित्र बदलतं. डबा गेला तर नवा ठेवता येईल, पण शोधायला आलेला माणूस खडकावर अडकला तर काय करणार?

द्राक्षबाग: हीच. पण वेलींच्या मांडवाखाली नाही. कारण पुढे कुणीतरी लिहीलच.

---

मांडवाखाली

लिहितो. द्राक्षबागेत कॅश ठेवायचा तर बागेचं वेळापत्रक माहीत हवं. वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट किंवा फवारणी होते. ते औषध कातडीला आणि श्वासाला घातक आहे. त्यानंतर काढणीपर्यंत डावणी, भुरी या रोगांसाठी फवारण्या चालूच. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च या काळात परक्या माणसाने मांडवात शिरायचं नाही, हा शेतकऱ्याचाच नियम असतो आणि तो बरोबर आहे. निर्यातीची बाग असेल तर औषधांच्या नोंदी, प्लॉटची तपासणी हे सगळं असतं, बाहेरची ये-जा तिथे नकोच.

शिवाय मांडवाला लोखंडी अँगल आणि तारा. तारांच्या ताणाला धक्का लागला की शेतकरी पुन्हा तुम्हाला उभं करणार नाही. काढणीच्या वेळी तर घड डोळ्यांसमोर लटकत असतात. शोधणाऱ्याने एक मणी तोंडात टाकला तरी बोलणं खावं लागेल ते तुम्हाला.

म्हणून जागा अशी मागा: फाटकाबाहेर, शिवरस्त्याच्या कडेला पण मालकाच्याच गटात. जुनी विहीर टाळा. कठड्याचा भरवसा नसतो, आणि विहिरीत वाकून बघणारा माणूस दिसला की गाव गोळा होतो. पाण्याच्या टाकीचा ओटा, बांधावरचं आंब्याचं किंवा बाभळीचं झाड, रचलेला दगडी बांध, पॅकहाउसच्या बाहेरची पार्किंगची बाजू, असं काही बघा. मोटर, स्टार्टर, डीपी यांच्यापासून दूर. स्टार्टरची पेटी आणि कॅशची पेटी अंधारात सारखीच दिसते आणि शोधणारे सगळं उघडून बघतात.

मालकाशी बोलताना तीन गोष्टी आधीच ठरवा. दिवसाची वेळ, समजा सकाळी सात ते संध्याकाळी सहा. गाडी कुठे लावायची. कुत्री मोकळी असतात का. दारणेच्या काठाला आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून त्या बाजूला कधी कॅश ठेवलात तर रात्रीचा शोध बंदच ठेवा. मखमलाबादकडेही रात्री नकोच, कारण रात्री शेतात टॉर्च दिसला की पहिला संशय मोटर चोरांचा येतो.

---

गंगापूररोडकर

मोटर चोरांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. बागेच्या मालकांना आज फोन केला, ते तोंडी तयार आहेत. 'ठेवा की, त्यात काय विचारायचं' असं म्हणाले. एवढं पुरेसं आहे का? की लेखी घ्यावं? लेखी मागितलं तर ते बिचकतील अशी भीती वाटते. आपल्याकडे सही म्हटली की माणूस वकिलाला विचारायला जातो.

---

रिव्ह्यूनोट

तोंडी चालतं. जिओकॅशिंगच्या साइटवर कॅशचा अर्ज सबमिट करताना तुम्ही 'आवश्यक परवानग्या घेतल्या आहेत' याची हमी देता. रिव्ह्यूअर, म्हणजे कॅशचं पान तपासून मंजूर करणारा स्वयंसेवक, जागेवर येऊन तपासत नाही, पण परवानगी कुणाची ते विचारू शकतो. म्हणून रिव्ह्यूअर नोटमध्ये लिहून ठेवा: जमीन खासगी, गट अमुक, मालकाने अमुक तारखेला होकार दिला, ठेवण्याची जागा फाटकाबाहेरच्या बांधावर. ही नोट फक्त रिव्ह्यूअरला दिसते, त्यामुळे तिथे खुलं लिहा. मालकाचं नाव आणि नंबर मात्र कॅशच्या जाहीर पानावर टाकू नका.

त्याच नोटमध्ये हेही लिहा: डबा नेमका कशात आणि कसा ठेवलाय, जमीन खणलेली नाही, तुम्ही किती अंतरावर राहता, किती दिवसांनी बघायला जाल. आजूबाजूचा एक फोटो जोडा. यातलं काही राहिलं की रिव्ह्यूअर प्रश्न विचारतो, तुम्ही चार दिवसांनी उत्तर देता, तो पुन्हा चार दिवसांनी वाचतो आणि महिना जातो. पहिला प्रतिसाद साधारण आठवड्याभरात येतो.

अंतराचा नियम विसरू नका. दुसऱ्या कॅशच्या प्रत्यक्ष डब्यापासून किंवा मल्टीच्या (अनेक टप्प्यांच्या कॅशच्या) प्रत्यक्ष टप्प्यापासून १६१ मीटर, म्हणजे ५२८ फूट. साइटवरच्या नियोजनाच्या नकाशात वर्तुळं दिसतात, पण मिस्टरी कॅशचा (कोडं सोडवून जागा कळते अशा कॅशचा) खरा बिंदू आणि मल्टीचे छुपे टप्पे त्यात दिसत नाहीत. जागा पक्की करण्याआधी रिव्ह्यूअरला नुसते अक्षांश-रेखांश पाठवून 'मोकळं आहे का' एवढं विचारून घ्या. नाशकात कॅश विरळ असल्याने अडचण बहुधा येणार नाही, पण डबा चिकटवून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

---

सातबारा_आधी

तोंडी परवानगीबद्दल माझा विरोध नोंदवतो. नियमाला पुरते हे खरं. पण मालक म्हणजे एकटा माणूस नसतो. त्याचा मुलगा असतो, वाटेकरी असतो, बागेतला सालगडी असतो. परका माणूस बांधाच्या दगडात हात घालताना दिसला की पहिला सामना सालगड्याशी होतो आणि त्याला कुणीच काही सांगितलेलं नसतं.

सही नको असेल तर नका मागू. मालकाला व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवा आणि त्यांच्याकडून 'ठीक आहे' एवढं येऊ द्या. तारखेसकट नोंद झाली. आणि डबा ठेवायला जाल तेव्हा गड्याला समोर बोलावून उघडून दाखवा, आतली वही दाखवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

सार्वजनिक जागेसाठी मात्र लेखीच. पालिकेच्या उद्यानासाठी अर्ज राजीव गांधी भवनात उद्यान विभागाकडे द्यायचा, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. शिक्का म्हणजे पोच, परवानगी नाही, हे लक्षात ठेवा. मजकूर असा ठेवा:

'विषय: मैदानी खेळासाठी एक लहान डबा उद्यानात ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधून वहीत नाव नोंदवणे असा जिओकॅशिंग हा जगभर खेळला जाणारा विनामूल्य खेळ आहे. डबा पारदर्शक प्लास्टिकचा, १४ × १० × ७ सेंमी मापाचा असून आत वही, पेन्सिल व लहान खेळणी असतील. जमीन खोदली जाणार नाही, झाडास खिळा मारला जाणार नाही, बांधकामास काही चिकटवले जाणार नाही. ठेवण्याची जागा सोबतच्या छायाचित्रात दाखवली आहे. आपल्या सूचनेनंतर २४ तासांत डबा काढून नेण्यात येईल.'

शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. कार्यालयाला 'हो' म्हणण्याची भीती नसते, 'हो' म्हटल्यावर मागे फिरता येणार नाही याची भीती असते. आणि अर्जात 'खजिना' हा शब्द चुकूनही नको. नाशकात खजिना म्हटलं की गुप्तधन, आणि गुप्तधन म्हटलं की कुदळ.

---

दुतोंड्याच्या_छातीपर्यंत

गोदाकाठाचं राहिलं होतं. ज्यांना तो पट्टा सोडवतच नाही त्यांच्यासाठी.

नाशकात पूर मोजायची जुनी पट्टी म्हणजे रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, डोक्यावरून पाणी. कॅश ठेवणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच की मारुतीच्या डोक्याच्या पातळीखाली जे काही आहे ते सगळं पावसाळ्यात नदीचं. घाटाच्या पायऱ्या, पुलाचे खांब, काठावरची दगडी कोनाडी, सगळं. पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषा पालिकेच्या नकाशांवर असतात: निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. डबा निळ्या रेषेच्या बाहेर हवा. पण निळ्या रेषेच्या बाहेर गेलं की जुन्या गावाचे वाडे आणि दुकानं सुरू होतात, म्हणजे मोकळी जागा उरतच नाही. तिथे ज्या दगडी भिंतीत डबा सुंदर बसेल, ती भिंत नेमकी कुठल्यातरी मंदिराची निघते.

शहराबाहेर हीच गंमत वेगळ्या रूपात आहे. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आणि रामसर स्थळ. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं. दोन्हीकडे कड्यांवर गिधाडं, अंजनेरीला तर सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प, जे त्या परिसरात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि पावसाळ्यात पठारावरच्या गवतात असतं. डब्यापर्यंत वीस माणसं गेली की गवतात पायवाट पडते. तिथे डबा ठेवूच नये, परवानगी मिळाली तरी.

आणि ही यादी तोंडपाठ असू द्या: देवळालीचा लष्करी भाग, नाशिकरोडचे दोन्ही छापखाने म्हणजे नोटा आणि सिक्युरिटी प्रेस, ओझरचा विमान कारखाना आणि विमानतळ, एकलहरे वीजकेंद्र, गंगापूर धरणाची भिंत, रेल्वे रूळ आणि पूल, शाळा, न्यायालय. यांच्या कुंपणाच्या बाहेरूनही, समोरच्या फुटपाथवरसुद्धा नको. जीपीएस हातात घेऊन कुंपणाजवळ घुटमळणारा माणूस तिथल्या पहारेकऱ्याला कसा दिसतो याचा विचार करा.

---

ओरिंग

जागेवर बरीच चर्चा झाली, डब्यावर कुणी बोललं नाही. बागेच्या बांधावर ठेवणार असाल तर शत्रू चार: पाऊस, ऊन, वणवा आणि मुंग्या.

बाजारात चार बाजूंनी क्लिप लागणारे, झाकणात सिलिकॉनची पट्टी असलेले जेवणाचे डबे मिळतात. एक लिटरच्या आतला घ्या, म्हणजे आकार स्मॉलमध्येच बसतो. (शंभर मिलीखाली मायक्रो, शंभर मिली ते एक लिटर स्मॉल.) विकत घेतल्यावर आधी बादली चाचणी: आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, झाकण लावा, डबा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून वर दगड ठेवा, रात्रभर. सकाळी टिश्यू एका कोपऱ्यातही ओला असेल तर तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात. पट्टीला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. खोबरेल नको. त्याला मुंग्या येतात आणि थंडीत ते गोठतं.

तरीही पाणी येतंच, कारण ते बाहेरून कमी आणि हवेतून जास्त येतं. जुलैत कुणी डबा उघडला की दमट हवा आत कोंडली जाते, रात्री गार पडली की झाकणाच्या आतून थेंब सुटतात. सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि पावसाळ्याआधी व मध्ये एकदा बदला. वही झिपलॉकमध्ये ठेवायची पद्धत आहे, पण झिपलॉकच्या दातांत माती अडकली की ती पिशवी पाणी साठवायचं साधन होते. त्यापेक्षा स्टोन पेपरची (पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची) छोटी वही आणि पेन्सिल. बॉलपेन नको, एप्रिलच्या उन्हात शाई गळते. पेन्सिलीसोबत शार्पनर ठेवायचा मोह होतो, पण त्याचं पातं गंजतं. टोक काढलेल्या दोन पेन्सिली पुरतात.

ऊन: पारदर्शक पॉलिप्रॉपिलिन थेट उन्हात वर्ष-दीड वर्षात ठिसूळ होतं आणि पहिली तुटते ती क्लिपची बिजागरी. म्हणून डबा दगडाच्या सावलीत, उत्तर बाजूला. वणवा: फेब्रुवारीपासून बांध पेटवतात. वाळक्या गवतात ठेवलेला डबा वितळून जातो. दगडी बांधाच्या पोकळीत, भोवतीचं हातभर गवत काढून ठेवा. हातभरच, अख्खा बांध साफ करू नका, नाहीतर शोधणाऱ्याला तेवढीच खूण पुरते. आत खाण्याचं काहीही नको, चॉकलेट-गोळ्या तर नाहीच, सुवासिक खोडरबरसुद्धा नको. उंदीर प्लास्टिक कुरतडतो तो वासामुळे. चाकू, लायटर, काडेपेटी, औषधं, दारू तर नियमानेच बंद.

काळा टेप गुंडाळलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरू नका. परदेशी चित्रफितींत छान दिसतो, पण आपल्याकडे तो बॉम्बशोधक पथकाला आमंत्रण देतो. डबा पारदर्शकच हवा, आतली वही बाहेरून दिसली पाहिजे, आणि झाकणावर मराठीत लिहिलेलं हवं.

---

गंगापूररोडकर

बादली चाचणी आजच करतो. आता दोन शंका. एक, अक्षांश-रेखांश फोनवरून घेतले तर चालतील का? दोन, झाकणावर नेमकं काय लिहू?

---

दशांश_मिनिट

फोन चालतो, पण एकदाच घेतलेलं रीडिंग चालत नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता तीन ते पाच मीटर, झाडाखाली किंवा दगडी भिंतीशेजारी दहापर्यंत. डबा ठेवायच्या जागी फोन पाच मिनिटं स्थिर ठेवा, मग रीडिंग घ्या. तीस मीटर दूर जा, दुसऱ्या दिशेने परत या, पुन्हा घ्या. असं पाच वेळा, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला पुन्हा पाच वेळा. इतरांपासून फटकून असलेलं एखादं टाका, उरलेल्यांची सरासरी काढा. नाशिकच्या अक्षांशावर मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण १.८ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.७ मीटर, तेव्हा शेवटचा आकडा एक-दोनने चुकला तरी बिघडत नाही.

बिघडतं ते इथे. गुगल मॅप दशांश अंशांत देतो, समजा २०.००५९. कॅशच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं लागतात. बरेच नवखे ते २०° ००.५९० असं टाकतात. बरोबर आकडा ००५९ ला साठाने गुणून येतो: ०.००५९ × ६० = ०.३५४, म्हणजे २०° ००.३५४. फरक साधारण ४३५ मीटरचा, डबा शेजारच्या वस्तीवर गेला. रेखांशात ०७३ मधला सुरुवातीचा शून्यही गाळू नका. सगळं टाकून झालं की पानावरचाच नकाशा सॅटेलाइट दृश्यात उघडा आणि खूण बांधावरच पडतेय ना, ते बघा.

गाडी लावायच्या जागेचा वेगळा वेपॉइंट (नकाशावरची जास्तीची खूण) द्या. तो दिला नाही तर लोक थेट डब्याच्या दिशेने निघतात, म्हणजे मांडवातून.

---

कातळरेघ

थोडं विषयाला सोडून. ज्यांना पांडवलेणीचा डोंगर किंवा सोमेश्वर सोडवत नाही, त्यांच्यासाठी अर्थकॅश हा प्रकार आहे. डबाच नाही, त्यामुळे १६१ मीटरची अट नाही आणि वणव्याचीही भीती नाही. भूशास्त्रातली एक गोष्ट शिकवायची आणि जागेवर जाऊनच देता येतील अशी उत्तरं मागायची. आपला सगळा परिसर दख्खनच्या बेसाल्टचा. लाव्हाचे थर, गॅसच्या पोकळ्या आणि त्यांत भरलेली झिओलाइट खनिजं, पाण्याने कोरलेला खडक, असे विषय पायाखालीच आहेत. दगड फोडायला किंवा उचलायला लावायचं नाही. मजकूर मराठीत हवाच, इंग्रजी सोबत दिलं तर चांगलं. 'फलकावर काय लिहिलंय' असा प्रश्न विचारला तर अर्ज परत येईल, 'थराची जाडी तुमच्या कमरेच्या वर की खाली' असा विचारा. पण संरक्षित जागा असेल तर याही प्रकाराला संबंधित खात्याला विचारावं लागतं, तेवढी पळवाट नाही. सोमेश्वरला करायचा झाला तर उभं राहायची जागा वरच्या कठड्यामागे द्या, खडकावर नाही.

---

मांडवाखाली

झाकणावरचा मजकूर. मोठ्या अक्षरांत, पक्क्या मार्करने, वरून पारदर्शक टेप:

'हा जिओकॅशिंग खेळाचा डबा आहे. आत वही, पेन्सिल आणि खेळणी आहेत, धोकादायक काही नाही. जमीनमालकांच्या परवानगीने ठेवला आहे. सापडला तर उघडून बघा आणि होता तिथेच ठेवा. काढायचा असेल तर कृपया वहीच्या पहिल्या पानावरच्या नंबरवर कळवा.'

'सरकारमान्य' वगैरे लिहू नका, भांडणात ते अंगाशी येतं. वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचा नंबर द्या, मालकांचा नको.

कॅशच्या पानावर वेळ, पार्किंग, 'मांडवात शिरू नका, द्राक्षांना हात लावू नका' हे पहिल्या तीन ओळींतच लिहा. खाली लिहिलेलं कुणी वाचत नाही. भूभागाचं रेटिंग (डब्यापर्यंत पोहोचणं किती अवघड ते) १ टाकू नका. ते फक्त व्हीलचेअर पोहोचेल अशा जागेला. बांधावर दीड किंवा दोन.

---

रिव्ह्यूनोट

एक राहिलं. शोधणारे 'मालकाने लक्ष द्यावं' (इथे मालक म्हणजे कॅश ठेवणारे तुम्ही) अशी नोंद टाकतात तेव्हा तो ईमेल वाचा. डबा फुटला किंवा गायब झाला तर पान तात्पुरतं बंद करा आणि साधारण महिनाभरात दुरुस्त करून 'देखभाल केली' अशी नोंद टाका, नाहीतर रिव्ह्यूअर कॅश कायमचा बंद करतो. पान बंद झालं तरी डबा तिथेच राहतो. तो उचलून आणणं तुमचंच काम, तो बांधावर पडून राहिला तर शेतकऱ्याला कचरा.

---

गंगापूररोडकर

मालकांना व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवल्या. उत्तर आलं: 'ठीक आहे, पण छाटणी झाल्यावर या.' म्हणजे आता नोव्हेंबर?

---

मांडवाखाली

छाटणी झाल्यावर लगेच नको, पेस्ट लावणं चालू असतं. त्यांना विचारा, 'पेस्टिंग कधी संपतंय?' ते जी तारीख सांगतील तिच्यावर आठवडा धरा. तोवर बादलीतला टिश्यू बघा.